पाऊस मोजला, वाफेचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने परंडा आणि भूम तालुक्यांत हाहाकार उडवला. पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. त्याआधी नऊ वर्षे, २०१६च्या उन्हाळ्यात, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. दोन्ही वेळा चर्चा एकाच आकड्याची झाली: पाऊस किती पडला? जमाखर्चाच्या वहीत ही फक्त जमेची बाजू. खर्चाचे पान आपण उलटतच नाही.

धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर जिल्ह्यावर जवळपास १८५ टीएमसी पाणी पडते. उजनी काठोकाठ भरते तेव्हा तिच्यात असते ११७ टीएमसी. मग हे पाणी जाते कुठे? काही बालाघाटच्या माथ्यावरून दोन दिशांना वाहून जाते: तेरणा-मांजरेतून गोदावरीकडे, सीना-बोरीतून भीमेकडे. थोडे मुरते. सर्वांत मोठा वाटा मात्र जमिनीतून आणि पिकांच्या पानांतून वाफ होऊन उडतो. हा खर्च ना पाणीपट्टीत दिसतो, ना वीजबिलात.

उपग्रह उपयोगी पडतो तो इथे. माठातले पाणी झिरपून त्याची वाफ होते म्हणून माठ गार राहतो. शेताचेही तसेच. पाणी मिळालेले पीक थंड, तहानलेले तापलेले. लँडसॅटसारखे उपग्रह हा तापमानातला फरक टिपतात आणि त्यावरून कोणत्या शिवारातून किती पाणी उडाले, याचा अंदाज काढता येतो. मे महिन्यात आजूबाजूचे रान करपलेले असताना उसाचा फड या नकाशावर लपत नाही. उसाला एका हंगामात साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे इथल्या पावसाच्या जवळपास तिप्पट. उरलेले येते ते धरणातून, नाहीतर शेजाऱ्याच्या विहिरीखालून.

ठिबकच्या बाबतीतही हा हिशेब डोळे उघडणारा ठरू शकतो. ठिबकने बचत झाली आणि त्याच पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले, तर वाफ कमी होत नाही, उलट वाढते. अनुदानाच्या फायलीत बचत, उपग्रहाच्या नकाशात खर्च!

पण आकाशातून सगळे दिसते, असे समजायचे कारण नाही. भूजल ‘मोजणाऱ्या’ ग्रेस उपग्रहांचे कौतुक आपण वाचतो. २००२ साली सोडलेली ही जोडी गुरुत्वाकर्षणातले बारीक बदल टिपत असे. वायव्य भारतातला भूजलाचा प्रचंड उपसा तिच्यामुळेच जगासमोर आला. मात्र तिची नजर काहीशे किलोमीटरची आहे. तिच्या नकाशावर आपला अख्खा जिल्हा एक ठिपकासुद्धा नाही. तो नकाशा दाखवून कुणी गावाच्या बोअरबद्दल बोलू लागला, तर खुशाल उठून जावे.

दुसरी अडचण वजाबाकीची. पावसातून वाफ आणि वाहून गेलेले पाणी वजा केले की मुरलेले पाणी उरते, असे सूत्र आहे. ७०० मिलिमीटरच्या अंदाजात दहा टक्के चूक झाली, तर ती ७० मिलिमीटरची. आणि आपल्या काळ्या पाषाणात मुरते तेही साधारण तेवढेच. म्हणजे सगळी शिल्लक चुकीतच बुडते. म्हणून महसूल मंडळातले पर्जन्यमापक आणि भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरी यांना पर्याय नाही. उपग्रहाचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहायलाच हवा.

अटल भूजल योजनेत आणि पोकरा प्रकल्पात जिल्ह्यातल्या गावांनी पाण्याचे ताळेबंद मांडले आहेत. पद्धत चांगली आहे. पण त्यात पिकांचा पाणीवापर बहुधा पेरणीक्षेत्राला ठरावीक आकड्याने गुणून काढला जातो. पेरा कागदावर चुकला की ताळेबंदही चुकला. माझे मत असे, की दर वर्षी मे अखेरीस प्रत्येक पाणलोटाचा उपग्रहावरून काढलेला वाफेचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. त्याशेजारीच निरीक्षण विहिरीची ऑक्टोबरची आणि मेची पातळी लिहावी. शेताच्या मालकाचे नाव नको, भांडणे लागतील. पाणलोटाचा एकूण आकडा पुरे. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून झेपावलेला निसार ढगांतूनही जमीन पाहू शकतो. त्याच्याकडून जमिनीतल्या ओलाव्याची माहिती मिळू लागली की फलकावर तिसरी ओळ घालता येईल.