सेट, गेट... आणि लाईट गेली की?

रेडिस शिकवणारा कुठलाही लेख उघडा, सुरुवात ठरलेली. इन्स्टॉल करा, 'सेट'ने किंमत ठेवा, 'गेट'ने परत मागा. झालं, आलं तुम्हाला रेडिस! माझा आक्षेप याच पद्धतीवर आहे. होडी वल्हवायला शिकवायची आणि भरती-ओहोटीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, त्यातला हा प्रकार.

साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने 2009 साली रेडिस आणलं. सगळा डेटा रॅममध्ये, म्हणून तो वेग. पण वीज गेली की रॅमची पाटी कोरी! डिस्कवर प्रत निघते, पण कधी? मूळ सेटिंग असं: मिनिटात 10000 बदल झाले तर मिनिटाने, 5 मिनिटांत 100 झाले तर 5 मिनिटांनी, नाहीतर एखाद्या बदलासाठी थेट तासाने. म्हणजे नवशिक्याच्या छोट्याशा अ‍ॅपचा तासाभराचा डेटा सहज जाऊ शकतो. गंमत म्हणजे सर्व्हर नीट बंद केलात तर रेडिस जाता जाता प्रत काढून ठेवतं, त्यामुळे शिकताना हे कधी दिसतच नाही.

मी हर्णेचा. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्या दापोली तालुक्यात कित्येक दिवस वीज नव्हती. आता म्हणाल, सर्व्हर क्लाउडमध्ये असतो, तिथे कसली लाईट जाते? बरं. पण 64 बिट मशीनवर रेडिसला मेमरीची मर्यादा मुळात घातलेलीच नसते. रॅम संपली की लिनक्स स्वतःच त्याचा गळा दाबू शकतं. तिथे वादळाची गरज नाही.

हर्णे बंदरावर माशांचा लिलाव बघा. बोली तोंडी चालते, नवा आकडा आला की जुना विसरायचा. पण सौदा तुटला की हिशेब वहीत गेलाच पाहिजे. डोक्यात काय ठेवायचं आणि वहीत काय, हे तिथे पहिल्या दिवशी कळतं. आमच्या ट्युटोरियलवाल्यांना कधी कळणार?

तर पहिला धडा असा हवा: 'सेट' करा, लगेच 'किल -9'ने प्रोसेस मारा, पुन्हा चालू करून 'गेट' करा. 'निल' येईल. मग 'अपेंडओन्ली यस' करून तेच परत करा, किंमत जागेवर मिळेल. (मूळ सेटिंगमध्ये ही नोंदवही दर सेकंदाला डिस्कवर पक्की होते, म्हणजे वीज गेली तरी साधारण सेकंदाभराचंच नुकसान.) पाच मिनिटांचं काम! 2024 मध्ये रेडिसचा परवाना बदलल्यावर वेगळ्या निघालेल्या वाल्कीलाही हेच लागू.

मग स्वतःला विचारा: हे गेलं तर कोण रडेल? पानाची कॅश गेली तर कोणी नाही, ती पुन्हा बनते. पण पैशाची नोंद असेल तर ती आधी पोस्टग्रेसमध्ये, रेडिसमध्ये फार तर तिची नक्कल.

'सेट' आणि 'गेट' काय, कोणीही दोन मिनिटांत शिकेल. काय गेलं तर चालेल, हे आधी शिकवा राव!