पुतळा कोणाच्या मापाचा?



गेल्या महिन्यात मोशीला बचत गटाची बैठक संपली, चहा झाला, आणि गप्पा चालू असताना गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात जाणारी एक मुलगी म्हणाली, "ताई, स्टिअरिंगमधली ती एअरबॅग फुटते म्हणजे नक्की काय होतं हो?" मला सांगता आलं नाही. घरी येऊन वाचत बसले, आणि वाचता वाचता विषय आपलाच निघाला.

एअरबॅग म्हणजे नायलॉनच्या कापडाची, घडी घालून ठेवलेली पिशवी. गाडी जोरात आदळली की तिचा वेग एकदम तुटतो. ते सेन्सरला कळतं आणि विजेची एक ठिणगी पडते. रसायन जळतं, वायू तयार होतो आणि सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात पिशवी फुगते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. डोकं-छाती तिच्यावर टेकली की मागच्या भोकांतून वायू निघून जातो, म्हणून ती दबते. एरवी स्टिअरिंगवर एकाच जागी बसणारा मार असा पसरतो. पण फुगताना तिचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. पुरती फुगण्याआधीच जी व्यक्ती तिच्यावर जाऊन आदळेल, तिला उशी नाही, ठोसा मिळतो.

म्हणून पट्ट्याशिवाय एअरबॅगला अर्थ नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता; ते दोघेही गेले. गाडी साधीसुधी नव्हती.

आता आपला मुद्दा. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या एअरबॅगा पट्टा न लावलेल्या सरासरी पुरुषाला थोपवतील इतक्या जोरकस केलेल्या होत्या. १९९० ते २००८ या काळात तिथे कमी वेगाच्या अपघातांत, धडकेने नव्हे तर एअरबॅगच्याच माराने, २९० हून अधिक माणसं मेली. त्यांत लहान मुलं आणि बुटक्या बायका फार होत्या. (बहुतेकांनी पट्टा लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता, हेही सांगायला हवं.) पेडलला पाय पोचावा म्हणून बुटकी बाई सीट पुढे ओढते, म्हणजे पिशवीच्या तोंडाशीच बसते. तिने चुकीचं काय केलं? तिच्या पायांच्या लांबीचा विचार कोणी केलेला नव्हता, एवढंच. १९९८ च्या सुमारास पिशव्यांचा जोर कमी केला आणि हे मृत्यू घटले. तरी २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं की तशाच धडकेत, पट्टा लावूनही, स्त्री चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त असते.

धडक-चाचणीत गाडीत बसवतात तो नेहमीचा पुतळा १७५ सेंटिमीटर उंचीच्या, ७८ किलो वजनाच्या पुरुषाचा. 'बाईचा' म्हणून जो आहे तो जेमतेम १५० सेंटिमीटरचा, ४९ किलोचा. तोही पुरुषाचाच पुतळा लहान करून घडवलेला. अमेरिकेतल्या सगळ्यांत लहानखुऱ्या पाच टक्के बायकांचं हे माप. भारतातल्या बाईची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर! तिकडे जी अपवाद, ती इकडे तुम्ही-आम्ही.

आणि हे सगळं आपल्या दारात चाललं आहे. याच पिंपरीच्या टेल्कोने १९७४ साली इंजिनिअरच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, आणि सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी थेट जे.आर.डी. टाटांना कार्ड धाडलं होतं. आज त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या गाड्या जोडणाऱ्या विभागात दीड हजाराहून जास्त बायका आहेत. 'भारत एनकॅप' ही सुरक्षेचे तारे देणारी योजना ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. डिसेंबरमध्ये तिचे पहिले पाच तारे मिळाले ते याच दोन गाड्यांना. मला आनंद झाला. पण त्या परीक्षेत चालकाच्या आणि शेजारच्या सीटवर पुतळे होते ते पुरुषांच्या मापाचे. गाडी जिने जोडली, तिच्या मापाचं कोणी त्यात बसलंच नाही.

शेजारच्या सीटचंही तेच. चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटसाठी, नव्या मॉडेलना, एप्रिल २०२१ पासून. बहुतेक घरांत ती सीट कोणाची असते, हे काय सांगायचं! आणि मांडीवर मूल. हे मात्र आजपासून थांबवू या. एअरबॅगसमोर मांडीवर मूल घेऊन बसू नका, मूल मागेच हवं. चालवताना छाती आणि स्टिअरिंग यांत किमान पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभराहून थोडं जास्त अंतर ठेवा. गरोदर बाईनेही पट्टा लावायचाच. खालचा पट्टा पोटावरून नको, पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवरून जाऊ दे. वरचा दोन स्तनांच्या मधून.

'भारत एनकॅप'चं काम पाहणारी संस्था, सीआयआरटी, आपल्या भोसरीतच आहे. तिला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी मोशीच्या गटात वाचून दाखवला. पुढच्या सीटवर बाईच्या मापाचा पुतळा बसवा, आपल्याकडच्या बायकांची मापं घ्या आणि निकाल लोकांना कळेल असा छापा, असं त्यात आहे. ती मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "पण आमच्यातल्या किती जणी गाडीत बसतात, ताई? पिकअपचं काय?"

ती पाईटच्या अपघाताबद्दल बोलत होती. ११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप घाटात कोसळली. किमान दहा जणी गेल्या. मालाच्या हौद्यात कसला पट्टा आणि कसली एअरबॅग?

मसुद्यात एक मागणी वाढवली आहे: सणावारी, जत्रेच्या दिवशी गावातून एस.टी. किंवा बस मिळावी. ते पत्र सीआयआरटीचं नाही, म्हणून वेगळं, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे केलं आहे. दोन्ही मसुदे या अंकासोबत आहेत. आपापल्या गटात वाचा, भर घाला, सह्या घेऊन महिन्याभरात कार्यालयात पाठवा.