एक ‘से’, इंग्रजीत पाच शब्द

कवठे महांकाळच्या आपल्या घरांत उर्दू, बाजारात मराठी. अर्ज मात्र अनेकदा इंग्रजीत करावा लागतो. तिथे मुलं अडतात ती शब्दयोगी अव्ययापाशी.

आपला ‘से’ किती कामं करतो पाहा. ‘मिरज से आया’ म्हणताना इंग्रजीत फ्रॉम लागतं, ‘कलम से लिखा’ म्हणताना विथ. ‘से निकाह हुआ’ याला मात्र मॅरिड टू. मुलं हमखास विथ लिहितात.

खरा घोळ रजेच्या अर्जात होतो. ‘बुधवार से बुखार है’ याला सिन्स वेन्सडे, पण ‘तीन दिन से’ याला फॉर थ्री डेज. मराठीतही दोन्हीकडे ‘पासून’च येतं, म्हणून आम्ही वर्गात दोन प्रश्न विचारायला लावतो. कधीपासून? मग सिन्स. किती काळ? मग फॉर.

शिष्यवृत्तीच्या सूचनेत ‘बाय 30 जून’ असेल तर 30 तारीख शेवटची. ‘फ्रॉम 30 जून’ असेल तर त्या दिवशी सुरुवात. एवढ्याशा शब्दापायी मुलीचं वर्ष वाया जाऊ नये. म्हणून फॉर्म भरण्याआधी तारखेमागचा शब्द तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या, आणि त्याचा अर्थही तिलाच विचारा.