जे वापरलेच नाही त्याचा दाखला

ईटहून एका वाचकाचे पत्र आले आहे. भूम तालुक्यातला हा तरुण पुण्याकडच्या एका पायलट प्लांटमध्ये फॉर्म्युलेशन पाहतो. सुट्टीत गावी गेला आणि साचलेला राग दोन पानांवर उतरवून मोकळा झाला. ट्रायपामिटीनमध्ये औषध भरून पीजीएसएसने कण करण्याची त्यांची फाइल एका कार्यालयातून तिसऱ्यांदा परत आली आहे. पहिला शेरा : वापरलेल्या सॉल्व्हंटची शिल्लक मर्यादा कळवावी. याने लिहिले, सॉल्व्हंट वापरलेलाच नाही. दुसरा शेरा : मग सीओटू काय आहे? उत्तर दिले, वायू आहे. तिसरा शेरा : वायूची शिल्लक मर्यादा कळवावी.

आधी हसू आले, मग चीड. वाइडनर, क्नेझ मंडळींच्या १९९५च्या पेटंटपासून ही गोष्ट उघड आहे. पीजीएसएसमध्ये वितळलेले लिपिड हाच विद्रावक, सीओटू त्यात विरघळणारा. नोझलबाहेर दाब सुटला की तो निसटतो, प्रसरणात थंडावा येतो, थेंब गोठतो. आयसीएचच्या अवशिष्ट विद्रावकांच्या यादीत सीओटू शोधून सापडणार नाही. इमल्शनच्या वाटेने गेलात तर मात्र हाच प्रश्न रास्त. २००७च्या इंडोमेथॅसिन-कीटोप्रोफेनच्या कामात क्लोरोफॉर्म होता आणि तो २० पीपीएमच्या खाली आणून दाखवला होता, मर्यादा ६०ची.

पण सगळे खापर टेबलापलीकडे फोडता येणार नाही. आपल्या सभासदांचे अर्ज पाहा : 'सुपरक्रिटिकल पद्धतीने कण तयार केले.' एक ओळ, संपले. आरईएसएसमध्ये सीओटू विद्रावक, एसएएसमध्ये प्रतिविद्रावक, पीजीएसएसमध्ये विद्राव्य, आणि तिघांना मथळा एकच! आयआयटी मुंबईच्या ममता मुखोपाध्याय यांचे सुपरक्रिटिकल सीओटूवरचे पुस्तक २००० साली आले. आपण अजून यंत्रविक्रेत्याच्या माहितीपत्रकातली आकृती उतरवतो. निरीक्षकाने समजून घ्यावे तरी काय?

खरा प्रश्न कोणी विचारतच नाही. कढवलेले तूप सावकाश निवले तर रवाळ होते, भांडे गार पाण्यात ठेवले तर गुळगुळीत. हे घरोघरी ठाऊक आहे. नोझलबाहेर तर लिपिड क्षणात गोठते आणि ट्रायपामिटीन अल्फा रूपात अडकते. अल्फा ४५ अंशांच्या आसपास वितळतो, बीटा ६६च्या. साठवणीत अल्फा बीटाकडे सरकतो, रचना घट्ट होते आणि आतले औषध बाहेर ढकलले जाते. पहिल्या दिवशीच्या एन्कॅप्सुलेशनच्या आकड्यावर मग काय विश्वास ठेवायचा? डीएससी पहिल्या दिवशी एकदा काढायचा आणि फाइलला लावून टाकायचा, ही आपली रीत. सुधारित शेड्यूल एमची लहान कारखान्यांना वाढवून दिलेली मुदत ३१ डिसेंबर २०२५ला संपली. फाइली जाड झाल्या, साठवणीनंतरचा एक थर्मोग्राम मात्र कोणी मागितला नाही.

म्हणून ईटच्या मित्राला विनंती. ट्रायल बॅचची एक सीलबंद बाटली घरच्या पत्र्याखाली माळ्यावर ठेवा, पाडव्यापासून मृग लागेपर्यंत. शेजारी साधा थर्मामीटर टांगा आणि दुपारचा आकडा रोज वहीत लिहा. जोडीची बाटली ४० अंश, ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये राहू द्या. औषध घरी नेणे नियमात बसत नसेल (बसणार नाहीच) तर नुसत्या लिपिडाचे कण न्या. औषध निसटले का ते कळणार नाही, अल्फाचे काय झाले ते कळेल. पाऊस पडला की दोन्हींचा डीएससी काढा. लातूर, नांदेड, चंद्रपूरकडच्यांनीही हेच करावे. निकाल वाईट आला तर तो आधी पाठवा. जुलैच्या अंकात दोन पाने राखून ठेवली आहेत.