शांतता कोणाची? परदेशी निघालेल्या मित्रमैत्रिणींनो

गावात अत्याचार घडला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बसते. 'झालं गेलं विसरा, गावाची शांतता राखा' हा सल्ला मिळतो मार खाणाऱ्याला, मारणाऱ्याला नाही. वर अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद मागे घेण्याचा दबाव. अशा बैठकांत आम्ही बसलो आहोत. म्हणून वस्तीतली मुलं-मुली आता आंतरराष्ट्रीय शांतता आणि सामाजिक न्यायाच्या क्षेत्रात करिअर करायचं म्हणतात, तेव्हा आम्हाला आनंद होतो. पण एक प्रश्नही पडतो : शांतता कोणाची?

या क्षेत्रात आपण उपरे नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. कोलियांशी युद्ध करायला सिद्धार्थाने नकार दिला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसं निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, हा त्याचा प्रस्ताव. इथे दोन्ही बाजू समान आहेत. शांतता समितीत नेमकी हीच समानता नसते.

१९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. २००१च्या डर्बन परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे मांडला. भारत सरकारने विरोध केला आणि जाहीरनाम्यात जात आली नाही. पण पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने शिफारस क्रमांक २९ मध्ये स्पष्ट केलं की, वंशावर आधारित भेदभावात जातिभेदही येतो.

याला कोणी देशाची बदनामी म्हणतात. बदनामी अत्याचाराने होते, तो सांगितल्याने नाही.

मात्र ही वाट सोपी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नशिपला पगार मिळत नाही. न्यूयॉर्क-जिनिव्हाचा खर्च ज्याच्या घरच्यांना झेपतो, तोच आत शिरतो. इकडे २०२२ साली केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे आमच्या मुलांनी परदेशात जरूर शिकावं, पण जातीबद्दल शिकू नये! हा नियम नुसता शिष्यवृत्तीचा नाही. आपल्याबद्दल कोणी बोलायचं, हे ठरवणारा आहे.

म्हणून जाणाऱ्यांना आमचं सांगणं आहे : आधी एफआयआर वाचायला शिका, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमं समजून घ्या, पीडित कुटुंबासोबत कोर्टाच्या तारखांना बसा. मग इंग्रजीत अहवाल लिहा. ज्याने वस्ती पाहिली नाही, त्याच्या अहवालात 'दोन गटांतील तणाव' एवढंच उरतं आणि अत्याचार करणारा गायब होतो.

आणि मागे राहणाऱ्यांनो, आपणही हिशोब करू. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा डीजेऐवजी अशा एका विद्यार्थ्याच्या विमान तिकिटाला का जाऊ नये? समाजाच्या पैशावर गेलेल्याला समाजाला उत्तर द्यावं लागेल आणि ते मागण्याचा हक्क आपल्याला असेल.

न्यायाशिवायची शांतता म्हणजे दडपलेला आवाज. तो आवाज जगापुढे न्यायला आपलीच माणसं हवीत.

जय भीम!