शिबिराचा फोटो निघाला, बीपीचं काय झालं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि काही जणांना झोंबणार आहे. झोंबू दे.

गणपती आले, निवडणूक आली, कुणा साहेबांचा वाढदिवस आला की लालबाग-परळमध्ये 'भव्य मोफत आरोग्य शिबिर' लागतंच. बॅनरवर नऊ चेहरे, खाली बारीक अक्षरात 'बीपी, शुगर मोफत'. मी बाहेरून बोलत नाहीये. आमच्या मंडळाच्या दोन शिबिरांत मी स्वतः टेबलावर नावं लिहायला बसलोय.

पहिल्या शिबिरात आमच्या चाळीतले एक काका आले. जुने गिरणी कामगार, दुखणं अंगावर काढणारे. बीपी 172/104. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, काकांनी इमानदारीत घेतली. दोन महिन्यांनी दुसऱ्या शिबिरात आकडा आला 132/84. मी खुशीत म्हणालो, "काका, एकदम नॉर्मल! टेन्शन नाही."

काकांनी त्याच दिवशी गोळी बंद केली. नॉर्मल झालं म्हणजे बरं झालं, असं त्यांना वाटलं. चार महिन्यांनी पहाटे अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. आता काकू त्यांना भरवतात आणि मी जिन्यात भेटलो की हसून विचारतात, "काय रे, बरा आहेस ना?" त्या हसण्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

आकडा नॉर्मल होता तो गोळी चालू होती म्हणून, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. गोळी थांबली की बीपी गुपचूप परत चढतं. डोकं दुखेलच, चक्कर येईलच असं नाही. 'गोळीची सवय लागते' हे तर आपल्याकडे वेदवाक्यच झालंय. चष्मा काढल्यावर दिसत नाही, म्हणून चष्म्याची सवय लागली म्हणता का? पाय सुजले, खोकला लागला तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात. आपल्या मनाने बंद करू नका. महाग म्हणाल तर जनऔषधी दुकानात अ‍ॅम्लोडिपिनच्या दहा गोळ्या एका वडापावपेक्षा स्वस्त मिळतात.

पथ्याचंही तेच. "मीठ कमी केलंय, आता गोळी कशाला?" अहो, दोन्ही लागतं. दिवसाला 5 ग्रॅम मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. महापालिकेच्या 2021 च्या सर्वेक्षणात मुंबईकराचं मीठ 8 ग्रॅमच्या वर निघालं आणि 34 टक्के प्रौढांना बीपी. लोणचं, पापड, फरसाण, सुकट, खारा बोंबील, सगळं धरा त्यात. आणि सैंधव म्हणजेही मीठच, उगाच दुप्पट घालू नका.

आता शिबिराकडे येतो. बीपी मोजायच्या आधी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, हात छातीच्या पातळीला. आपण मोजतो कसं? रांगेत तासभर उभं करून, स्पीकरच्या शेजारी, चहाचा कप हातातून काढून घेऊन. पुढे ज्यांचा आकडा 140/90 च्या वर आला, त्यांचं काय होतं? नावं वहीत. वही मंडळाच्या कपाटात, ढोलाच्या काठ्यांखाली. मी काल बघून आलो.

"काहीच न करण्यापेक्षा बरं ना?" नाही. अर्धवट केलेलं काय करतं ते काकांच्या घरी जाऊन बघा.

आणि हे काम कसं करायचं ते आपल्या गावाकडे माहीत आहे. 2017 मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग आणि सातारा होते. म्हणजे आपल्यातल्या अर्ध्यांची गावं. पद्धत साधी: ठरलेल्या गोळ्या, महिन्याचा साठा एकदम हातात, पेशंटची नोंद आणि तो आला नाही तर त्याचा पाठपुरावा. 2022 मध्ये या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. कुठेही ढोल वाजले नव्हते.

मग केईएम हाकेच्या अंतरावर असून आपण वर्षातून दोनदा मशीन काढून फोटो काढायचे? महापालिकेचे दवाखाने आहेत, 2022 पासून 'आपला दवाखाना' आहे. तिथे महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतात का, कामावरून सुटल्यावर संध्याकाळी मिळतात का, हे मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा. गोळ्यांसाठी दर आठवड्याला खाडा करावा लागला तर माणूस गोळी सोडणारच, त्याला शिव्या घालून उपयोग नाही.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी मांडणार आहे. कपाटातली वही बाहेर काढून प्रत्येकाच्या घरी जायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या खोलीत, स्पीकर बंद ठेवून, बीपी मोजायचं. ज्याचा आकडा जास्त, त्याच्यासोबत एक कार्यकर्ता दवाखान्यात जाणार. मशीन माझं. बॅनर लावायचा नाही.

विरोध करायचा असेल त्यांनी मीटिंगला या. सात वाजता आहे.