ध्रुवप्रकाशाआधी अंधार हवा

ध्रुवप्रकाश पाहायला नॉर्वेलाच जावे लागते, ही समजूत पुरती खरी नाही. फेब्रुवारी १८७२ मध्ये तो मुंबईत दिसल्याची नोंद आहे. मे २०२४ मधील सौर वादळात लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनी क्षितिजावरची लाल आभा टिपली. अतिउंचावरील प्राणवायूच्या अणूंचा हा प्रकाश नुसत्या डोळ्यांना क्वचितच जाणवतो. वीस-तीस सेकंद उघडा ठेवलेला कॅमेरा मात्र तो साठवतो. पण शहराचा उजेडही तो तसाच साठवतो! हानलेचे खरे भांडवल म्हणजे तिथला अंधार.

म्हणून माझे मत असे, की नागपूरच्या शाळांनी दर अमावास्येला एकाच खेड्यातून, तेवढाच वेळ कॅमेरा उघडा ठेवून उत्तर आकाशाचे छायाचित्र घ्यावे. ध्रुवप्रकाश बहुधा मिळणार नाही; पण दरवर्षी आपण किती तारे गमावतो, ते मोजता येईल.